कानामागचा लोहचुंबक

यंत्रांचा इतिहास सांगतांना अमुक शोध कोणीं लावला व केव्हां लावला, एवढ्यावरच आपण बहुधा थांबतों. परंतु दोन शोध एकमेकांच्या वाटेंत आडवे आले म्हणजे त्यांची तडजोड कशी झाली, हा इतिहास क्वचितच सांगितला जातो. आज अशाच एका तडजोडीची हकीकत सांगावयाची आहे. एका बाजूला बहिऱ्या माणसाला ऐकूं यावें म्हणून त्याच्या कानाच्या आंत बसविलेलें लहानसें यंत्र; दुसऱ्या बाजूला शरीर न कापतां त्याच्या अंतर्भागाचें चित्र काढणारें प्रचंड चुंबकयंत्र. पहिल्याला कॉक्लिअर इम्प्लांट म्हणतात आणि दुसऱ्याला एम्.आर्.आय्. दोन्हीं माणसाच्या हिताचीं. तरीहि पुष्कळ वर्षें अशी स्थिति होती कीं, पहिलें ज्याच्या डोक्यांत आहे त्याला दुसऱ्याचें दार बंद. तें दार कसें उघडलें आणि त्याच्या उंबरठ्यावर अजून कोणती सावधगिरी बाळगावी लागते, तें आपण पाहूं.

शिरूरहून चौफुल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर न्हावरे हें गांव आहे. घोडगंगा सहकारी साखर कारखान्याचें नांव ह्या गांवाशीं जोडलेलें आहे. शिरूर-दौंडच्या ह्या ऊस पिकविणाऱ्या टापूंत लोहचुंबकाचें बळ समजावून सांगण्यास फार शब्द खर्चावे लागत नाहींत. पुष्कळ साखर कारखान्यांत ऊस चरकांकडे नेणाऱ्या वाटेवर विजेचा मोठा लोहचुंबक टांगलेला असतो. मोळींत चुकून राहिलेला कोयता, गाडीचा सुटलेला खिळा, एखादा नट, असें लोखंड उसाबरोबर चरकांत गेलें तर चरकाचे रूळच बिघडावयाचे. म्हणून हा चुंबक तें वरच्यावर ओढून घेतो. आतां कल्पना करा कीं, एखाद्या माणसाच्या कानामागें, कातडीखालीं, एक लहान लोहचुंबक कायमचा बसविलेला आहे आणि त्याला अशा मोठ्या चुंबकाच्या पोटांत अर्धा तास निजावयाचें आहे. आपला सगळा विषय एवढ्या एका वाक्यांत सामावलेला आहे.

तो लहान चुंबक कानामागें गेला कसा, हें प्रथम पाहिलें पाहिजे. आपला अंतःकर्ण गोगलगाईच्या शंखासारखा, सुमारें अडीच वेढ्यांचा असतो. त्यांतील सूक्ष्म केशपेशी ध्वनीच्या कंपनाचें विजेच्या संदेशांत रूपांतर करतात आणि श्रवणतंतु ते संदेश मेंदूकडे पोंचवितो. ज्याच्या केशपेशी जन्मतःच नीट घडल्या नाहींत किंवा पुढें नष्ट झाल्या, त्याच्या कानाशीं कितीहि मोठ्यानें ओरडलें तरी उपयोग होत नाहीं. आवाज दारापर्यंत येतो, परंतु त्याची भाषा बदलून पुढें सांगणारा दुभाषी जागेवर नसतो. श्रवणतंतु मात्र अशा पुष्कळ माणसांत जिवंत असतो. तेव्हां दुभाष्याला वगळून त्या तंतूलाच विजेनें संदेश दिला तर?

ह्या कल्पनेचें मूळ फार जुनें आहे. इटालियन शास्त्रज्ञ व्होल्टा यानें आपल्या विद्युद्घटाचा शोध १८०० सालीं जाहीर केला, तेव्हां त्याच्या तारा त्यानें स्वतःच्याच दोन्ही कानांत घालून पाहिल्या होत्या. डोक्यांत धक्का बसला आणि कांहीं तरी दाट पदार्थ रटरट शिजत असल्यासारखा आवाज त्याला आला. तो प्रयोग त्यानें पुन्हां केला नाहीं. त्यानंतर दीडशें वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर, १९५७ सालीं पॅरिस येथें जूर्नो व एरिएस या दोघांनीं एका पूर्ण बहिऱ्या रुग्णाच्या श्रवणतंतूला विजेची चेतना देणारें यंत्र शरीरांत बसविलें. १९६१ सालीं अमेरिकेंत लॉस एंजेलिस येथें विल्यम हाऊस यांनीं कानाच्या शंखांतच तार घालण्यास आरंभ केला. एका तारेनें आवाज कळे, पण बोलणें उलगडत नसे. म्हणून व्हिएन्ना येथें इंगेबोर्ग व एर्विन होखमायर या दांपत्यानें १९७७ सालीं, आणि मेलबोर्न येथें ग्रॅम क्लार्क यांनीं १९७८ सालीं, अनेक विद्युदग्रें असलेलीं यंत्रें रुग्णांना बसविलीं. शंखाचा एक भाग उंच स्वरांचा व दुसरा खालच्या स्वरांचा असतो. त्या त्या जागीं वेगवेगळी चेतना दिली म्हणजे मेंदूला स्वरांतला फरक कळूं लागतो. आजच्या यंत्रांत बारापासून बावीसपर्यंत अशीं विद्युदग्रें असतात.

या यंत्राचे दोन भाग असतात. बाहेरचा भाग कानावर राहतो. तो आवाज टिपतो आणि त्याची छाननी करतो. आंतला भाग कानामागें कातडीखालीं, हाडावर बसविलेला असतो व त्याची तार शंखांत गेलेली असते. दोहोंच्या मध्यें कातडी अखंड असते. तींतून भोंक पाडून तार न्यावी तर जंतूंना कायमची वाट मिळावयाची. म्हणून बाहेरच्या वेटोळ्यांतून आंतल्या वेटोळ्याकडे रेडिओ-लहरींनीं संदेश पाठवितात. आपण हें भाषण घरीं बसून ऐकतां, तसाच हा व्यवहार. फक्त प्रक्षेपक कातडीच्या अलीकडे आणि ग्राहक पलीकडे, अंतर कांहीं मिलिमीटरांचें. परंतु दोन्ही वेटोळीं नेमकीं समोरासमोर असलीं पाहिजेत. आरंभीं त्यासाठीं डोक्यास पट्टा बांधीत. तो सरके, आणि सरकला कीं आवाज बंद. १९८० नंतरच्या दशकांत त्यावर सोपा तोडगा निघाला. दोन्ही वेटोळ्यांच्या मध्यभागीं एकेक लहान लोहचुंबक बसविला. बाहेरचें वेटोळें कानामागें नेलें कीं तें आपोआप योग्य जागीं चिकटून बसतें. लहान मुलालाहि तें लावतां येतें. सोयीसाठीं घेतलेला हाच चुंबक पुढें अडचणीचा ठरला.

याच काळांत दुसरें यंत्र वयांत येत होतें. हायड्रोजनच्या अणूचें केंद्रक बलवान् चुंबकीय क्षेत्रांत ठेवलें आणि त्यावर ठराविक रेडिओ-लहर सोडली, तर तें त्या लहरीला प्रतिसाद देतें, हें ब्लॉख व पर्सेल यांनीं १९४६ सालीं दाखविलें होतें. आपल्या शरीरांत पाणी व चरबी विपुल, म्हणजे हायड्रोजनहि विपुल. तो प्रतिसाद शरीराच्या कोणत्या भागांतून आला हें ओळखून त्याचें चित्र करण्याची युक्ति पॉल लॉटरबर यांनीं १९७३ सालीं प्रसिद्ध केली. इंग्लंडांत पीटर मॅन्सफील्ड यांनीं ती पुढें नेली. दोघांना २००३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. क्ष-किरणांना हाड चांगलें दिसतें. ह्या यंत्राला मेंदू, मज्जारज्जु, सांध्यांतील कूर्चा व अस्थिबंध असे मऊ भाग दिसतात.

योगायोग असा कीं, अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें ह्या दोन्ही यंत्रांना सर्रास वापराची पहिली परवानगी एकाच वर्षीं, म्हणजे १९८४ सालीं दिली. एकाच वर्षीं बाजारांत आलेल्या ह्या दोन भावंडांचें एकमेकांशीं जमणार नाहीं, हें लवकरच ध्यानांत आलें.

कां जमणार नाहीं, तें पाहूं. चुंबकीय क्षेत्र मोजण्याचें माप टेस्ला हें आहे. रुग्णालयांत आढळणारें एम्.आर्.आय्. यंत्र बहुधा १.५ टेस्लाचें असतें, कांहीं ३ टेस्लाचीं असतात. आपल्या महाराष्ट्रांत पृथ्वीचें जें चुंबकीय क्षेत्र होकायंत्राची सुई फिरवितें, त्याच्या मानानें १.५ टेस्ला म्हणजे सुमारें ३५,००० पट. एवढें बळ निर्माण करण्यासाठीं विजेच्या तारांचें वेटोळें द्रवरूप हीलियमनें शून्याखालीं २६९ अंशांपर्यंत थंड करतात. तसें केलें म्हणजे त्या तारांचा विरोध नाहींसा होऊन प्रवाह अखंड फिरत राहतो. म्हणजेच हा चुंबक कारखान्यांतल्या चुंबकासारखा बटण दाबून बंद होत नाहीं. चित्र काढावयाचें असो वा नसो, रात्रीं खोलीला कुलूप असो, चुंबक जागाच असतो.

अशा क्षेत्रांत लहान चुंबकावर दोन प्रकारचीं बळें येतात. पहिलें ओढीचें. तें यंत्राच्या तोंडाशीं सर्वांत जोरदार असतें, कारण तेथें क्षेत्र झपाट्यानें बदलतें. दुसरें पिळाचें, आणि खरी अडचण ह्याची. प्रत्येक चुंबकाला भोंवतालच्या क्षेत्राच्या दिशेनें वळावयाचें असतें. होकायंत्राची सुई उत्तरेकडे वळते ती ह्याच कारणानें. रुग्ण नळीसारख्या यंत्रांत उताणा निजला म्हणजे क्षेत्राची दिशा डोक्यापासून पायांकडे असते. जुन्या पद्धतीच्या चकतीचें एक टोंक कवटीकडे व दुसरें कातडीकडे. म्हणजे तिची दिशा शरीराला आडवी. दोन दिशांमध्यें जवळजवळ काटकोन होतो, आणि काटकोनांतच पीळ सर्वाधिक असतो. चकती उभी राहूं पाहते. हाड व कातडी तिला तसें करूं देत नाहींत. परिणामीं वेदना होतात, आणि कधीं चकती आपल्या खांचेंतून निसटून तिरपी किंवा उलटी होते. मग ती जागेवर आणण्यास शस्त्रक्रिया करावी लागते. शिवाय विरुद्ध क्षेत्रानें तिचें चुंबकत्व क्षीण होऊं शकतें, मग बाहेरचें वेटोळें चिकटत नाहीं. रेडिओ-लहरींनीं तारांत प्रवाह उत्पन्न होण्याची व उष्णता वाढण्याचीहि शक्यता पाहावी लागते.

या संकटावर जीं उत्तरें शोधलीं गेलीं, तीं एकामागून एक चार होतीं.

पहिलें उत्तर, दूर राहा. असें उत्तर आपल्या महाराष्ट्रानें एकदां दिलेलें आहे, म्हणून त्याची आठवण येथें करतों. मुंबईस कुलाब्याच्या वेधशाळेंत १८४१ सालापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाचीं निरीक्षणें होत होतीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं शहरांत विजेच्या ट्राम चालविण्याचें ठरलें. त्यांच्या प्रवाहानें वेधशाळेच्या नाजुक सुया भलतीकडेच डोलूं लागल्या असत्या. तेव्हां वेधशाळेचे संचालक नानाभाई आर्देशिर फ्रामजी मूस यांनीं हीं उपकरणें समुद्रापलीकडे अलिबागेस नेलीं. तेथील इमारत लोहांश नसलेल्या पोरबंदरी दगडानें बांधविली. १९०४ ते १९०६ अशीं दोन वर्षें दोन्ही ठिकाणीं एकाच वेळीं निरीक्षणें घेऊन जुन्या व नव्या मालिकेचा सांधा त्यांनीं जुळविला, आणि मग कुलाब्याचें काम थांबविलें. ट्राम १९०७ सालीं धांवूं लागल्या. अलिबागेचीं निरीक्षणें आजहि चालू आहेत.

सुईला दूर नेतां येतें. माणसाला त्याच्या रोगापासून दूर नेतां येत नाहीं. कानांत यंत्र बसविलेल्या माणसाला पक्षाघात झाला, मेंदूंत गांठ असल्याचा संशय आला, पाठीच्या कण्याला मार बसला, तर एम्.आर्.आय्.पासून दूर राहा म्हणजे निदानापासूनहि दूर राहा, असाच त्याचा अर्थ. आरंभींचीं अनेक वर्षें नियम हाच होता. डॉक्टरांना सी. टी. चित्रावर व तर्कावर काम भागवावें लागे.

दुसरें उत्तर अशा रुग्णांमुळें सुचलें कीं ज्यांना दोन्ही यंत्रांवांचून गत्यंतर नव्हतें. न्यूरोफायब्रोमॅटोसिसचा दुसरा प्रकार म्हणून एक आनुवंशिक व्याधि आहे. तींत दोन्ही बाजूंच्या श्रवणतंतूंवर गांठी वाढतात. त्या काढतांना तंतु जातो, म्हणून कानाच्या शंखांत तार घालून उपयोग नाहीं. विल्यम हाऊस व हिट्सेलबर्गर यांनीं १९७९ सालीं अशा एका रुग्णाच्या थेट मेंदूच्या देठावर विद्युदग्र बसविलें. ऐकण्याची सोय अशी झाली. परंतु गांठी पुन्हां वाढतात कीं काय हें पाहण्यास त्याच रुग्णांना आयुष्यभर वारंवार एम्.आर्.आय्. करावें लागतें. तेव्हां अशा लोकांसाठीं चुंबक काढतां येईल अशीं यंत्रें तयार झालीं, आणि १९९६ च्या सुमारास त्यांच्या तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुढें सामान्य कॉक्लिअर इम्प्लांटमध्येंहि चुंबक सिलिकोनच्या खिशांत ठेवण्याची पद्धत पडली. चित्र काढण्याआधीं लहानशी चीर देऊन तो काढावा, नंतर पुन्हां बसवावा.

हें उत्तर खात्रीचें होतें, पण महाग होतें. एका चित्रासाठीं दोन शस्त्रक्रिया. जखम भरेपर्यंत ऐकणें बंद. शिवाय पक्षाघातासारख्या व्याधींत घटकाघटका मोलाची असते. तेथें चीर देणारा शस्त्रवैद्य बोलावीपर्यंत थांबावयाचें कोणी?

तिसरें उत्तर, चुंबक राहूं द्या, पण घट्ट बांधा. ऑस्ट्रियांतील इन्सब्रुक येथील संशोधकांनीं १९९८-९९ च्या सुमारास १.५ टेस्लाच्या यंत्रांत पीळ, उष्णता व उत्पन्न होणारा प्रवाह यांचीं मोजमापें करून असें दाखविलें कीं, विशिष्ट बनावटीच्या यंत्रांबाबत कांहीं अटी पाळल्या तर चित्र काढतां येईल. मग चुंबकाच्या जागीं कडक गादी ठेवून डोक्यास घट्ट पट्टी बांधावयाची रीत आली. पुष्कळांचें काम तिनें भागलें. परंतु पट्टी बांधूनहि कांहींना वेदना असह्य झाल्या व चित्र अर्ध्यावर सोडावें लागलें, आणि कांहींची चकती तरीहि सरकली. ३ टेस्लाच्या यंत्रांत पीळ दुप्पट होतो. तेथें पट्टीचा भरंवसा धरतां येईना.

आतां चौथें उत्तर पाहा. आजवरचीं सर्व उत्तरें चुंबकाला आवरण्याचीं होतीं. त्याला दूर ठेवा, काढा, बांधा. चौथ्या उत्तरानें विचार उलटा केला. चुंबकाला वळावयाचें आहे ना? मग त्याला वळूं द्यावें. होकायंत्राची सुई मोडत नाहीं, कारण ती अडविलेली नसते. अलिबागेची सुई आणि कानामागची चकती यांना निसर्गाचा नियम एकच. फरक एवढाच कीं एकीला फिरावयास जागा होती व दुसरीला नव्हती.

ती जागा देण्यासाठीं चकतीचें चुंबकत्वच आडवें करावें लागलें. जुन्या चकतीचीं दोन टोंकें तिच्या दोन सपाट बाजूंना होतीं, नाण्याच्या छाप्याला व कांट्याला असावीं तशीं. नव्या चकतींत तीं व्यासाच्या दोन अंगांना आणलीं, म्हणजे नाण्याच्या कडेवर समोरासमोर. अशी चकती एका लहान डबींत मोकळी ठेवली कीं, जात्याच्या पाळीसारखी ती जागच्या जागीं गरकन् फिरते. रुग्ण यंत्रांत शिरूं लागतांच ती क्षेत्राच्या दिशेनें वळून स्वस्थ होते. पीळ बराचसा नाहींसा होतो, हाडावर ताण येत नाहीं, आणि क्षेत्राशीं जुळवून घेतल्यामुळें तिचें चुंबकत्वहि टिकतें. बाहेरचें वेटोळें लावलें म्हणजे आंतली चकती पुन्हां त्याच्या चुंबकाशीं जुळून घेते.

होखमायर दांपत्यानें स्थापिलेल्या ऑस्ट्रियन कंपनीच्या अशा यंत्रास अमेरिकेंत २०१५ सालीं मान्यता मिळाली. ३ टेस्लाच्या क्षेत्रांतहि त्याचा चुंबक काढावा लागत नाहीं. दुसऱ्या एका कंपनीनें एका चकतीऐवजीं फिरणारे चार लहान दांडे योजिले. २०१९ सालाच्या अखेरीपर्यंत प्रमुख कंपन्यांचीं अशीं नवीं यंत्रें उपलब्ध झालीं होतीं. १९८४ पासून मोजलें तर ह्या साध्या वाटणाऱ्या युक्तीला तीस वर्षें लागलीं.

मग आतां प्रश्न संपला काय? नाहीं. तीन गोष्टी उरतात.

पहिली, चित्रावरील छाया. चुंबक सुरक्षित झाला तरी तो चुंबकच आहे. त्याच्या भोंवतालच्या कांहीं सेंटिमीटरांच्या भागांत चित्र विकृत होतें व काळी पोकळी दिसते. रोग त्याच पोकळींत दडलेला असेल तर आजहि चुंबक काढूनच चित्र घ्यावें लागतें.

दुसरी गोष्ट माणुसकीची आहे. यंत्राचा बाहेरचा भाग खोलीच्या बाहेरच काढून ठेवावा लागतो. म्हणजे रुग्ण त्या अरुंद नळींत जातो तो पूर्ण बहिरा होऊन. "आतां श्वास रोखा", "हालूं नका", ह्या सूचना त्याला ऐकूं येत नाहींत. आधींच खुणा ठरविल्या पाहिजेत. पायाला एकदां स्पर्श म्हणजे आरंभ, दोनदां म्हणजे संपलें, हातांतील फुगा दाबला म्हणजे थांबवा. लहान मूल असेल तर हें आई-बापांना आधीं समजावून सांगावें. याला पैसा लागत नाहीं; फक्त पांच मिनिटें द्यावीं लागतात.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. 'सुरक्षित' ह्या शब्दाचा अर्थ. पूर्वीं अशा यंत्रांना सैलपणें 'चालण्यासारखें' म्हणत, आणि त्यांतून घोटाळे होत. म्हणून अमेरिकेंतील प्रमाण ठरविणाऱ्या संस्थेनें २००५ सालीं तीन शब्द पक्के केले. सुरक्षित, सशर्त आणि असुरक्षित. जें मुळींच चुंबकाच्या आहारीं जात नाहीं तेंच सुरक्षित. उदाहरणार्थ प्लॅस्टिकची वस्तु. सर्वांत नवें कॉक्लिअर इम्प्लांटहि सुरक्षित ह्या सदरांत नाहीं. तें सशर्त आहे. अमुक इतक्या टेस्लापर्यंत, अमुक रीतीनें, अमुक वेळ, ह्या अटींवर. अटी माहीत नसतील तर सशर्त आणि असुरक्षित ह्यांत व्यवहारांत कांहीं अंतर उरत नाहीं.

अटी विसरल्या म्हणजे काय होतें याचीं उदाहरणें आपल्याच प्रांतांत घडलीं आहेत. २०१४ सालीं नवी मुंबईंतील खारघर येथें कर्करोगाच्या एका संशोधन-केंद्रांत प्राणवायूचें नळकांडें एम्.आर्.आय्. यंत्राकडे खेंचलें जाऊन दोन कर्मचारी त्यांमध्यें चेंगरले व कित्येक तास अडकून पडले. २७ जानेवारी २०१८ रोजीं मुंबईच्या नायर रुग्णालयांत एका रुग्णाचा नातेवाईक असें नळकांडें घेऊन त्या खोलींत शिरला आणि प्राणास मुकला. ह्या दोन्ही प्रसंगांत कानांतील यंत्राचा संबंध नव्हता, तरी बोध तोच आहे. हा चुंबक दिसत नाहीं, आवाज करीत नाहीं, आणि झोंपत नाहीं. त्याच्या दाराशीं विचारणारा माणूस जागा असला पाहिजे, व त्याला उत्तर देणाऱ्यापाशीं खरी माहिती असली पाहिजे.

ही माहिती आज केवळ शहरांतल्या धनिकांच्या उपयोगाची राहिलेली नाहीं. मुंबईंत वांद्र्यास १९८३ सालीं स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था बधिरांच्या सेवेचें काम करीत आली आहे. मुंबईचे कर्णशल्यविशारद डॉ. मिलिंद कीर्तने यांनीं ह्या शस्त्रक्रियेचा आपल्याकडे पाया घातला, आणि २०१४ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. अंगणवाड्यांतील व शाळांतील मुलांची तपासणी करून जन्मजात दोष, त्यांत बहिरेपणहि, वेळेवर ओळखणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजीं आपल्या पालघर येथूनच सुरू झाला. केंद्र सरकारच्या अपंग-साहाय्य योजनेच्या २०१४ च्या नियमांत पात्र मुलाच्या कॉक्लिअर इम्प्लांटसाठीं ६ लाख रुपयांपर्यंत मदत ठरविण्यांत आली. न्हावऱ्यासारख्या गांवांतील अंगणवाडींतून निघून पुण्या-मुंबईच्या शस्त्रक्रिया-गृहापर्यंत जाणारी वाट अशी तयार झाली.

त्या वाटेनें जाणाऱ्या मुलाचा हिशेब मात्र पन्नास-साठ वर्षांचा मांडावा लागतो. तिसऱ्या वर्षीं बसविलेला आंतला भाग दशकानुदशकें तेथेंच राहावयाचा. तें मूल मोठें होईल, शेत कसील, वाहन चालवील. चाळिसाव्या किंवा साठाव्या वर्षीं केव्हां तरी त्याला डोक्याचें किंवा कण्याचें चित्र काढावें लागेल. त्या वेळीं शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर नसतील, यंत्र विकणारी कंपनी कदाचित् बदललेली असेल, आणि समोरच्या तंत्रज्ञानें तें जुनें यंत्र कधीं पाहिलेलेंहि नसेल. ज्यांच्या कानांत २०१५ पूर्वींचीं, न फिरणाऱ्या चकतीचीं यंत्रें आहेत असे लोकहि आपल्यामध्यें आहेतच. बाहेरून पाहतां कानामागें दोघांच्याहि कातडीवर सारखाच उंचवटा दिसतो. एकाला ३ टेस्ला चालतात, दुसऱ्याला चुंबक काढल्यावांचून चालत नाहींत. हा भेद डोळ्यांना दिसत नाहीं. तो फक्त कागदावर लिहिलेला असतो.

तो कागद म्हणजे शस्त्रक्रियेच्या वेळीं मिळणारें लहानसें ओळखपत्र. यंत्राचें नांव, नमुन्याचा क्रमांक, कोणत्या कानांत, कोणत्या दिवशीं, एवढेंच त्यावर असतें. मूस यांनीं कुलाबा व अलिबाग यांच्या निरीक्षणांचा सांधा दोन वर्षें खपून जुळविला, म्हणून आज शंभरांहून अधिक वर्षांनीं ती मालिका उपयोगी पडते. घरोघरच्या ह्या ओळखपत्राचें मोल त्याच जातीचें आहे. सातबाराचा उतारा आपण पेटींत जपून ठेवतों. त्याच पेटींत हें पत्र ठेवावें, त्याची एक प्रत मुलाच्या शाळेंत व एक घरच्या डॉक्टरांपाशीं द्यावी, आणि मूल वाचूं लागलें कीं त्यावरील यंत्राचें नांव त्याला पाठ करावयास लावावें. एम्.आर्.आय्.च्या दाराशीं कोणीं विचारलें नाहीं तरी आपण होऊन सांगावें. चुंबकाला वळावयास जागा देण्याचें काम शास्त्रज्ञांनीं केलें आहे. त्या चुंबकाचें नांव-गांव पुढच्या पन्नास वर्षांत हरवूं न देण्याचें काम आपलें आहे.